नंबर न लागलेलं संत्रं

संत्रं खायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी येऊन एक हिवाळा काढावा. राहायची सोय होईल. खायची होईलच असं मात्र मी म्हणत नाही, कारण आमच्या घरात खायच्या वस्तूला नंबर असतो.

हा नंबर लावलाय अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील. एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर म्हणून त्यांची उभी हयात गेली, आणि ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्याच स्टोअरमध्ये, त्याच खुर्चीवर मी जाऊन बसलो. खुर्ची आता जरा जास्त करकरते, एवढाच फरक. तर स्टोअरचा पहिला आणि शेवटचा नियम असा, की जो माल आधी आला तो आधी बाहेर काढायचा. जुनं आधी. नवे बोल्ट कितीही चकचकीत असोत, मागच्या खेपेचे संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. बोल्टच्या बाबतीत हा नियम उत्तम आहे. बोल्ट सुरकुतत नाहीत.

पण अण्णांनी निवृत्त होताना कारखान्याची टाचणीसुद्धा घरी आणली नाही, नियम तेवढा आणला. आमच्याकडे साबण नंबरानं निघतो, टॉवेल नंबरानं निघतो. मला लग्नात मिळालेल्या एका सुंदर शर्टाचा नंबर लागला, तेव्हा तो माझ्या मुलीला बसला. अण्णा वर्तमानपत्रसुद्धा नंबरानं वाचतात. मध्ये एकदा ताप आल्यामुळे त्यांचं वाचन राहिलं, तेव्हापासून ते जगाच्या मागे पडले ते पडलेच. परवा ऐन थंडीत त्यांनी मला छत्री घेऊन जा म्हणून बजावलं, कारण त्यांच्या पेपरात मुसळधार पाऊस होता. एका मंत्र्याच्या भाषणावर ते संबंध दुपार धुसफुसत होते. तो मंत्री बिचारा मधल्या काळात निवडणुकीत पडून घरी बसला होता, पण हे अण्णांना सांगायची कुणाची छाती होणार? त्यांच्या हिशेबानं ती बातमी अजून छापायची होती.

आमची ही म्हणते, "मी सून म्हणून आले तेव्हा मला लगेच घरात घेतलं, हेच नशीब. नाहीतर बाल्कनीत ठेवलं असतं, नंबर लागेपर्यंत."

बाल्कनीत हिवाळाभर संत्री असतात. संत्र्याला, तुम्ही बघितलं असेल, एक दिवस असतो. त्या दिवशी साल नुसतं नख लावलं की सुटते, खोलीभर वास पसरतो, फोड दाताखाली फुटते आणि माणसाला वाटतं, असू दे थंडी, चालेल. आमच्याकडचं संत्रं हा दिवस टोपलीत रांगेत उभं राहून काढतं. त्याचा नंबर लागतो तेव्हा साल वाळून आतल्या फोडींना घट्ट चिकटलेली असते आणि फोडी हिरमुसून बसलेल्या असतात. ते आम्ही खातो. खाऊन होईस्तोवर मागच्यांची तीच गत झालेली असते. म्हणजे घरात हिवाळाभर ताजी संत्री असतात आणि हिवाळाभर आम्ही शिळी खातो. यात कुणाची चूक आहे असं म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललंय.

असंच एका रविवारी बाल्कनीत ऊन खात आम्ही बसलो होतो. अण्णा आपल्या वाट्याचं संत्रं सोलत होते. सोलत होते म्हणजे सुरीनं तासत होते. आमची मुलगी समोर बसून बघत होती. ती कॉलेजात जाते आणि दिसेल त्याला प्रश्न विचारते, म्हणून इमारतीत तिला 'चौकशी खिडकी' म्हणतात.

"आजोबा," ती म्हणाली, "ताजं संत्रं कसं लागतं?"

अण्णांनी सुरी थांबवली. मला वाटलं, आता नियमावर व्याख्यान होणार. पण ते टोपलीकडे बघत म्हणाले, "माहीत नाही गं. लहानपणी घरात खाणारी तोंडं फार, हातात यायचं ते उरलेलं. मग नोकरी लागली. मग... नंबरच नाही आला कधी."

असं म्हणून त्यांनी ती वाळकी फोड तोंडात टाकली आणि चघळत बसले. चघळत, कारण चावण्यासारखे दात मोजकेच उरलेत. तेही उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी काढायचे ठरले होते. दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की त्यानंतर हिरड्या भरेपर्यंत आंबटाचं नाव काढायचं नाही, आणि मग कवळी. तोवर संत्र्यांचा हंगाम आटोपलेला असणार. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघू, असं बिनधास्त म्हणायचं अण्णांचं वय राहिलेलं नाही. हे आम्ही घरात बोलत नाही, पण त्या दिवशी हिनं माझ्याकडे बघितलं आणि मी हिच्याकडे बघितलं. सत्तरी उलटलेल्या माणसाला ताज्या संत्र्याची चव ठाऊक नाही, आणि बाजूला टोपली भरलेली!

मी मनाशी ठरवलं, सोमवारच्या आत अण्णांच्या स्वतःच्या दातांखाली एक ताजं संत्रं गेलंच पाहिजे. त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी फळवाल्याकडून एकच संत्रं घेतलं. देठाला पान असलेलं. फळवाल्यानं "एकच?" असं अशा सुरात विचारलं, की मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझ्याकडे करुणेनं बघितलं. तो अपमान गिळून मी घरी आलो आणि ते थेट अण्णांच्या हातात ठेवलं. "अण्णा, घ्या. आत्ता खा."

अण्णांनी ते फिरवून बघितलं, वास घेतला. त्यांचे डोळे क्षणभर मिटले. मला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात ते उठले, बाल्कनीत गेले, आणि ते संत्रं शेवटच्या टोपलीत, सगळ्यांत शेवटी ठेवून आले.

"सुरेख माल आहे," ते म्हणाले. "नंबर येईल तेव्हा मजा येईल."

म्हणजे प्रश्न ताज्या संत्र्याचा नव्हताच, जुन्यांचा होता. जुनी संपली की नव्याचा नंबर आपोआप येणार. मग जुनी संपवा! ही साधी गोष्ट मी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या व्हिटॅमिनकाकांना सांगितली, तिथेच माझे ग्रह फिरले. व्हिटॅमिनकाका बँकेतून निवृत्त झालेत, पण सल्ला देण्यातून निवृत्त व्हायचा त्यांचा विचार दिसत नाही.

"जॅम करा," ते म्हणाले. "सगळी एका दिवसात संपतील. अगदी सोपं असतं. साखर घालायची आणि ढवळत राहायचं."

"किती वेळ?"

"होईपर्यंत."

हे उत्तर ऐकून मी तिथेच शहाणा व्हायला हवं होतं. मंगळवारी मी रजा टाकली. कारण काय लिहायचं ते सुचेना, म्हणून 'घरगुती अडचण' लिहिलं आणि ते संध्याकाळपर्यंत अक्षरशः खरं झालं. ढवळता ढवळता मला जरा डुलकी लागली. जाग आली ती धुरानं. पातेल्यात जे तयार झालं होतं त्याला चमचा उभा राहिला, आणि उभा राहिला तो राहिलाच. अजूनही आहे. अण्णांनी येऊन पातेलं बघितलं, चमचा हलवून बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "हे घटमध्ये, नुकसान म्हणून दाखवावं लागेल." पातेलं आमच्या हिच्या माहेरचं होतं. त्या विषयावर पुढे जे बोलणं झालं ते इथे द्यायचं कारण नाही.

पातेल्यात मावली ती एकाच टोपलीतली, बाकीच्या टोपल्या तशाच, शिवाय साली उरल्या. त्या फेकायच्या नाहीत, वाळवून चेहऱ्याला लावायच्या, असं समोरच्या वहिनींनी आमच्या हिला सांगितलं. म्हणून मी त्या गच्चीवर चादर टाकून पसरल्या. वारा सुटला. इमारतीच्या सेक्रेटरींची नवी पांढरी गाडी खाली उभी होती. संध्याकाळी सूचनाफलकावर सूचना लागली, 'काही सभासद गच्चीचा वापर फळप्रक्रिया उद्योगासाठी करत असल्याचे निदर्शनास आले आहे.' काही सभासद! आख्ख्या इमारतीला ठाऊक होतं की ते काही सभासद म्हणजे मी एकटा. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायला लागला, "काय, कारखाना कसा चाललाय?"

"अहो, वाटून टाका ना!" समोरच्या वहिनी म्हणाल्या. हे इतकं सरळ होतं की मला आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. अण्णांचीही हरकत नव्हती. जुना माल बाहेर जातोय म्हटल्यावर त्यांनी उलट स्वतः निवडून दिला. आमच्या हिनं त्यातली वाळकी मागे ठेवली, जरा बरी होती ती पिशव्यांत भरली आणि मी घरोघर देऊन आलो. टोपल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या. त्या रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी बेल वाजली. समोरच्या वहिनी दारात उभ्या. हातात पिशवी. "काल तुम्ही एवढी दिलीत, म्हटलं आमच्याकडचीही चाखून बघा."

मग व्हिटॅमिनकाका आले. मग तळमजल्यावरचे शिंपी आले. हिवाळ्यात सगळ्यांच्याच घरी संत्री असतात, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही देव जाणे. आणि माणसांत चांगुलपणा किती असावा! ज्याला चार दिली त्यानं सहा आणली. सेक्रेटरी स्वतः आले, गाडीबद्दल चकार शब्द न काढता एक पेटी ठेवून गेले. मला तर वाटतं, तो सूडच होता. दुपारपर्यंत बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि अण्णा हातात खडू घेऊन प्रत्येक पिशवीवर नंबर टाकत बसले होते. इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर कधी बघितलं नव्हतं.

"बाबा," चौकशी खिडकी म्हणाली, "जे संत्रं घरात येतं त्याला नंबर लागतो. मग जे घरात येतच नाही, त्याला?"

पोरगी कुणाची आहे, असं म्हणायची संधी साधणार होतो, पण ही पातेलं घासत होती, म्हणून गप्प बसलो.

घरात न येणारं संत्रं म्हणजे झाडावरचं. आणि झाड होतं. आमच्या कारखान्याच्या गेटजवळ, प्रशासन विभागाच्या खिडकीखाली एक संत्र्याचं झाड आहे. दर हिवाळ्यात ते लहान लहान नारिंगी फळांनी नुसतं लगडतं. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही सगळे त्याच्याकडे बघत जातो-येतो. हात कुणी लावत नाही. तिथे पाटीच आहे. मी अण्णांना सहज म्हटलं, "आपल्या गेटजवळचं ते संत्र्याचं झाड आठवतं का हो?"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. अण्णा अर्धी बातमी टाकून पेपर खाली ठेवत नाहीत.

"अजून आहे ते?"

"आहे की. फळं लागलीत."

"माझ्यासमोर लावलं ते," अण्णा म्हणाले. "दर हिवाळ्यात वाटायचं, चव काय असेल याची? संध्याकाळी सुटलो की दोन मिनिटं उभा राहायचो तिथे. पण कंपनीचा माल." मग हळूच, जणू मोठं काही मागतोय अशा आवाजात, "झाडावरचं म्हणजे अजून आवक झालेलं नाही. त्याला नंबर नसतो. रीतसर परवानगी मिळत असेल तर बघ. उगाच कुणाला त्रास नको."

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. मी शुक्रवारी प्रशासनातल्या साहेबांकडे गेलो. साहेब सज्जन आहेत, पण त्यांना कुठलीही गोष्ट विचारली की ते आधी कपाटाकडे बघतात.

"ते झाड शोभेच्या झाडांत आहे," साहेब म्हणाले. "शोभेच्या झाडाला फळ येत नाही."

"साहेब, तुमच्या खिडकीतून दिसतंय."

त्यांनी वळून बघितलं. फांदी जवळजवळ टेबलावर आली होती. "दिसतंय," त्यांनी मान्य केलं. "पण आलेलं नाही. आलं असं म्हटलं तर ते फळझाड झालं. फळझाड झालं की उत्पन्न दाखवावं लागणार. मग वरचे विचारतील, इतक्या वर्षांचं उत्पन्न गेलं कुठे? आणि स्टोअर कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"आणि त्याआधी?"

"वडिलांकडे."

"बघा," साहेब म्हणाले. म्हणजे वडिलांना एक संत्रं खाऊ घालायला गेलो आणि बापलेकांनी मिळून बाग लुटल्याचा आळ यायची वेळ आली! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी उठलो, तशी साहेबांनीच हाक मारली.

"खाली पडलेलं का नाही घेत?"

"पडलेलं सफाई कंत्राटदाराचं असतं. गेटवर विचारून आलोय."

हे खरं होतं. गेटवरच्या रखवालदारांनी, आम्ही त्यांना मिशीवाले म्हणतो, मला आधीच सगळा कायदा समजावला होता. गेटचा नियम आमच्याकडे पक्का आहे, आत गेलेला माल पासाशिवाय बाहेर येत नाही. झाडावर आहे तोवर शोभा, जमिनीवर पडला की कचरा आणि हातात आला की चोरी. "आणि तोंडात आला तर?" असं मी विचारलं होतं. मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आम्ही डबा बघतो, पिशवी बघतो, खिसा बघतो," ते म्हणाले. "तोंड उघडायला सांगायचा हुकूम नाही."

साहेबांनी पुन्हा खिडकीकडे बघितलं. मग दार बंद आहे ना हे बघितलं. "खरं सांगू का?" ते आवाज उतरवून म्हणाले. "मी इथे बदलून आलो त्या दिवसापासून माझ्याही मनात आहे, चव काय असेल? पण विचारणार कुणाला?" आणि त्यांनी कपाट उघडलं. शोधता शोधता त्यांना एक वाक्य सापडलं, की शोभेच्या झाडांची किरकोळ छाटणी करण्यास हरकत नाही, मात्र छाटणीतून निघालेलं जागच्या जागी नष्ट करावं.

"कसं नष्ट करावं ते लिहिलेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा हसू बघितलं. "एका फळाएवढी छाटणी. उद्या शनिवारी, अर्धा दिवस संपल्यावर. नष्ट तुमचे वडील करतील. आणि चव मला कळवायची."

शनिवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. नव्या शर्टाचा नंबर नव्हता, म्हणून जुनाच, पण इस्त्री अशी की घडीनं बोट कापावं. ही आणि चौकशी खिडकी दोघी बरोबर निघाल्या. गेटवर मिशीवाल्यांनी अण्णांना उभं राहून सलाम ठोकला. अण्णांनी सलाम घेतला आणि उगाचच खोकले.

बातमी फुटली होती. सुट्टी झाली तरी कुणी घरी गेलं नव्हतं. हिशेब विभागाच्या खिडकीत सात-आठ डोकी, वर्कशॉपच्या दारात गर्दी, कँटीनवाला हातातलं फडकं तसंच घेऊन उभा. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मनात तेच होतं आणि कुणी कुणाला बोलला नव्हता! प्रशासनातले साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते, पण त्यांनी खुर्ची इतकी मागे सरकवली होती की त्यांचा एक कान बाहेर आला होता.

अण्णा झाडाखाली उभे राहिले. वर बघितलं. प्रत्येक फांदी न्याहाळली. मला वाटलं, एखादं तजेलदार बघून तोडतील. पण ते पुटपुटले, "सगळ्यांत आधी कुठलं लागलं असेल?"

"अण्णा, इथे तरी!" मी म्हणालो.

"नियम तो नियम," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांत जुनं दिसणारं, गडद झालेलं फळ देठापासून हळूच खुडलं. रसाचा एक थेंब उडाला. वास खिडक्यांपर्यंत गेला असणार, कारण वरून कुणीतरी "अहाहा!" म्हणालं. अण्णांनी साल काढली. नखानं निघाली! त्यांनी नातीकडे अशा नजरेनं बघितलं की माझे डोळे भरून आले. मग त्यांनी पहिली फोड तोंडात टाकली.

आधी त्यांची उजवी भुवई वर गेली. मग डावी. मग दोन्ही कान मागे सरकले. अण्णांचे कान हलतात हे मला माहीतच नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. चिंच, लिंबू, कैरी आणि माणसाला आलेला राग हे सगळं एकत्र केलं, तर जे होईल ते त्या फळात होतं. शोभेचंच झाड होतं हो ते, नुसतं बघायचं! पण अण्णांनी ते थुंकलं नाही. नष्ट करायचं कबूल केलं होतं. एक एक फोड करत, कान हलवत, त्यांनी अख्खं फळ नष्ट केलं.

"कसं आहे?" साहेबांचा आवाज आला. पाठ आमच्याकडेच.

अण्णांनी रुमालानं डोळे पुसले आणि समाधानानं मान हलवली. "आता कळलं," ते म्हणाले. "ताजं असं लागतं होय! म्हणूनच मी म्हणतो, जुनं आधी. फळ मुरू द्यावं लागतं. आयुष्यभर मी बरोबर होतो."

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. एवढा आटापिटा करून मी काय मिळवलं होतं? एका चुकीच्या नियमाला बिनतोड पुरावा! मी सांगायला तोंड उघडलं, की अण्णा, हे खायचं संत्रंच नव्हे, ही वेगळी जात. पण ते इतके खूश होते, की मी ते तसंच मिटलं. सगळ्या वाटेनं ते हसत होते. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. सोमवार परवावर आला होता.

घरी आल्यावर अण्णा बाल्कनीत उन्हात टेकले. आमची ही आत गेली आणि थोड्या वेळानं बशी घेऊन आली. बशीत सोललेल्या, शिरा काढून स्वच्छ केलेल्या फोडी.

"तोंड आंबलं असेल तुमचं," ती म्हणाली. "घ्या अण्णा. नंबरातलंच आहे."

अण्णांनी फोड तोंडात टाकली. दात लागला. आणि ते थांबले. मी बघत होतो. चघळणं नाही, काही नाही, नुसते थांबले. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. मग हळूहळू त्यांनी ती फोड खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी. बशी रिकामी झाल्यावर त्यांनी बोटं चाटली. अण्णा बोटं चाटत नाहीत.

"हे बघ," ते शेवटी मला म्हणाले, पण आवाज जरा हलका होता. "मुरलेलं संत्रं म्हणतात ते हे."

मी काही बोलणार, तेवढ्यात हिनं माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

अण्णा हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि आम्हा तिघांच्या एकदम लक्षात आलं, की साली ओट्यावरच आहेत. आम्ही धावलो, पण उशीर झाला होता. अण्णा ओट्यापाशी उभे होते. हातात साल. देठाला हिरवं पान. समोरच्या वहिनी त्याच सकाळी आणखी काही देऊन गेल्या होत्या, त्यातलं. अण्णांनी साल बोटांत दुमडली, बारीक फवारा उडाला. त्यांनी वास घेतला. ज्या माणसानं नुसता हात लावून बोल्ट कुठल्या खेपेचा ते सांगितलंय, त्याच्यापुढे आम्ही चोरासारखे उभे.

"ह्याचा नंबर यायला अजून बराच अवकाश होता," अण्णा म्हणाले.

"चुकून झालं, अण्णा," ही म्हणाली.

"चुकून," अण्णा म्हणाले. त्यांनी साल नीट ओट्यावर ठेवली, हात धुतले, पुसले.

"आता काय करणार," ते म्हणाले. "आत गेलेला माल पासाशिवाय बाहेर येत नाही."

चौकशी खिडकीला राहवलं नाही. "आजोबा, मग? कसं होतं?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सूनबाई," ते मग हिला म्हणाले, "उद्याही चूक झाली तर माझी हरकत नाही. सोमवारपर्यंत चालेल."

आणि बाहेर जाता जाता ते बाल्कनीत वळले, पहिल्या टोपलीतलं सगळ्यांत सुरकुतलेलं संत्रं उचललं आणि माझ्या हातात ठेवलं.

"हे तू घे," ते म्हणाले. "जुनं कुणीतरी संपवायला हवं."

मी सुरी घेतली आणि उन्हात जाऊन बसलो.